दुधातलं खळं

आमच्या लॅबमध्ये दुधाची पावडर कुलपात असायची. स्किम मिल्कची, किराणा दुकानातून आणलेली अर्ध्या किलोची पिशवी. केमिकलवाल्याची बाटली महाग पडायची म्हणून सरांनी ही वाट काढली होती. पण पिशवी उघड्यावर राहिली की दोन दिवसांत तिचा चहा व्हायचा. लॅबमधले मामा शपथेवर सांगायचे की त्यांनी हात लावला नाही. आम्ही मुलीही तेच सांगायचो. दोन्ही शपथा खोट्या होत्या.

पावडरीचं खरं काम वेगळंच होतं. तिचं पातळ दूध करायचं, ते गरम आगरमध्ये मिसळायचं आणि काचेच्या प्लेटांमध्ये ओतायचं. थिजल्यावर प्लेट पातळ खरवसासारखी दिसायची. तिच्यावर चिखलाच्या पाण्याचा थेंब पसरवून ठेवला की दोन दिवसांनी बारीक बारीक ठिपके उगवायचे. प्रत्येक ठिपका म्हणजे जीवाणूंची एकेक वस्ती. बहुतेक ठिपके नुसते बसून असायचे. एखाद्याच्या भोवती मात्र दूध नाहीसं व्हायचं आणि काचेसारखं स्वच्छ गोल कडं पडायचं. पावसाळ्याच्या तोंडावर चंद्राला पडतं ना, तसं खळं. पुस्तकात त्याला काहीही म्हणोत, आम्ही खळंच म्हणायचो. 'किती खळी आली गं?' हा आमचा सकाळचा पहिला प्रश्न असे.

दूध पांढरं दिसतं ते त्यातल्या केसिन नावाच्या प्रथिनामुळे. ते प्रथिन अख्खंच्या अख्खं जीवाणूच्या पोटात जात नाही; त्याच्या मानाने ते फारच मोठं. म्हणून तो आपली कात्री बाहेर सोडतो, प्रथिनाचे बारीक तुकडे करतो आणि ते आत ओढतो. ही कात्री म्हणजे प्रोटिएज, एक एन्झाइम. मराठी पुस्तकात 'विकर' असा शब्द आहे. मी तो परीक्षेच्या पेपरात सोडून कुठेही वापरलेला नाही आणि वापरणारा माणूसही पाहिलेला नाही. ते असो. हीच कात्री पुढे कपडे धुण्याच्या पावडरीत जाते. रक्ताचा, अंड्याचा, दुधाचा डाग म्हणजे कपड्याला चिकटून बसलेलं प्रथिनच. पण साबणाचं पाणी खारट-सोडामिश्रित, त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, चढा. साधी कात्री तिथे गंजते. सोड्यात राहून धार न सोडणारी कात्री हवी असेल, तर ती सोड्यात जगणाऱ्याकडेच मागायला हवी.

आणि सोड्याचं तळं आमच्याच जिल्ह्यात होतं.

२००७ साली एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आम्ही चौघी एसटीने लोणारला गेलो. काळ्या बेसाल्टमध्ये उल्कापाताने पडलेलं हे विवर, काठापासून काठापर्यंत साधारण १.८ किलोमीटर. वरून हिरवं, शांत दिसतं. खाली उतरलं की सडक्या अंड्यांचा वास येतो आणि पायाखाली पांढरी पापुद्र्यासारखी खपली मोडते. पीएचच्या कागदाची पट्टी पाण्यात बुडवली तर ती गडद निळी होऊन दहाच्या घरात गेली. ऐन-ए-अकबरीत वऱ्हाडच्या सुभ्याबद्दल लिहिताना लोणारचा उल्लेख आहे: काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथे मिळतं. साबणाच्या मुलखातून साबणाची कात्री आणायची, याचं मला तेव्हा भारी कौतुक वाटलं होतं. आधी उकळून घेतलेल्या बाटल्यांमध्ये चिखल भरला, बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतल्या आणि परत आलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, 'काय आणलं, तीर्थ का?' मी हो म्हटलं.

या चिखलातून २३ खळीवाले निघाले. एल-१ ते एल-२३. त्यात एल-७ चं खळं सगळ्यात मोठं, बघत राहावं असं. मी त्याच्या प्रेमातच पडले. फ्लास्कमध्ये वाढवला, दोन दिवस हलवला, वरचं पाणी घेऊन तपासलं. त्यात काही दमच नव्हता. एल-११ चं खळं त्याच्या निम्मं, पण फ्लास्कमध्ये त्याने एल-७ ला सरळ मागे टाकलं. मला ते पटेना. मी तीनदा करून पाहिलं. शेवटी सर म्हणाले, 'अगं, प्लेटवर तो एका जागी बसून आहे, निवांत. कात्री हळूहळू पसरत जाते. खळ्यावरून एवढंच कळतं की हा कात्री करतो. किती करतो, पाण्यात घुसळल्यावर करतो का, हे खळं नाही सांगत.' लग्नाच्या फोटोवरून संसार कळत नाही, असंही काहीतरी ते पुटपुटले. मी लक्ष दिलं नाही.

तपासण्याची रीत साधीच, पण घाम काढणारी. केसिनच्या पाण्यात एन्झाइमचा थेंब टाकायचा आणि बरोबर दहा मिनिटं मोजायची. मग आम्ल ओतून काम थांबवायचं. न कापलेलं केसिन दह्यासारखं फाटून खाली बसतं, कापलेले तुकडे पाण्यात राहतात. ते गाळून घ्यायचे, त्यात फोलिनचं द्रावण घालायचं आणि निळा रंग येतो का बघायचं. जितका गडद निळा, तितकं एन्झाइम जास्त. मामा येता-जाता नळ्यांकडे बघून म्हणायचे, 'आज तं आभाळ चांगलं आहे.' फिका रंग आला तर, 'आज ढगाळ दिसून राह्यलं.'

आता हे वाढवायचं कसं?

मला वाटलं, सोपं आहे. खायला घाला. एल-११ च्या पाण्यात एक टक्का ग्लुकोज टाकलं. सोडा वेगळ्या बाटलीत शिजवून मग मिसळायचा असतो. साखर आणि सोडा एकत्र ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे लॅबच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, घातले तर सगळ्याचा तपकिरी काढा होतो. तोही मी एकदा केला होता, म्हणून या वेळी नीट केलं. दुसऱ्या दिवशी फ्लास्क बघून मन भरून आलं. पाणी ताकासारखं दाट. एवढे जीवाणू मी आधी कधी वाढवले नव्हते. नळ्या लावल्या. सगळ्या फिक्या.

सर हसले. 'पोट भरलेलं पोर चुलीकडे कशाला जाईल?'

इतकंच होतं ते. ग्लुकोज म्हणजे आयतं ताट. ते समोर असताना प्रथिनं कापून खायची कटकट कोण करणार? जीवाणूच्या आत त्याचा हिशेब पक्का असतो. साखर आहे तोवर कात्रीचे जीन बंद. साखर संपली, वाढ मंदावली, पुढे कठीण दिवस दिसू लागले, की तो दोन गोष्टी करू लागतो. एकीकडे बीजाणू बांधायची तयारी, म्हणजे गाशा गुंडाळून झोपी जायची सोय. दुसरीकडे आजूबाजूला जे काही प्रथिन असेल ते कापून आणायला कात्र्या बाहेर सोडणं. आपण ज्याला 'उत्पादन' म्हणतो ते त्याच्या बाजूने बघितलं तर अडचणीतली धडपड आहे. तो आपल्यासाठी काही करत नाही. त्याला गरज पडली तर करतो. हे मला त्या फिक्या नळ्यांनी सांगितलं, आणि गेली कित्येक वर्षं मी नोकरीत जे करते ते याच एका वाक्याची निरनिराळी रूपं आहेत.

पण उपाशी ठेवायचं म्हणजे मारायचं नाही. तिथे दुसरी गोष्ट येते, श्वासाची, आणि ती मला भारनियमनाने शिकवली.

मी पीएचचा प्रयोग लावला होता. फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र, म्हणजे शेकर, लहान; एका वेळी मोजकेच फ्लास्क बसायचे. म्हणून पहिल्या आठवड्यात पीएच ८ आणि ९, दुसऱ्या आठवड्यात १० आणि ११. आलेख काढला. नऊला शिखर, दहाला धाडकन खाली. सुंदर डोंगर. मी तो रंगीत पेनने फेअर केला. सरांनी बघितला आणि फक्त विचारलं, 'हा राहतो कुठे?' लोणारला, मी म्हटलं. 'तिथला पीएच किती?' दहा. 'मग याला स्वतःच्या घरात गुदमरल्यासारखं का होतंय?'

मला उत्तर सुचेना. दोन दिवस मी सोडा बदलला, पीएच मीटरवर शंका घेतली, मैत्रिणीवरही घेतली. उत्तर मामांकडे होतं. काचसामान धुता धुता ते सहज म्हणाले, 'तुमच्या त्या हप्त्यात तं रात्री लाइनच नव्हती. पाळी बदलली ना.'

त्या काळी विदर्भात भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि पाळ्या बदलत राहायच्या. पहिल्या आठवड्यात वीज सकाळी जायची, मी फ्लास्क लावण्याच्या आधी. दुसऱ्या आठवड्यात रात्री, म्हणजे नेमकी जीवाणू दाट झालेले आणि कात्री सोडू लागलेले तेव्हा. त्यात आमचा शेकर जुना. वीज आली तरी तो आपणहून चालू व्हायचा नाही, बटण दाबावं लागायचं. म्हणजे सकाळी मामा येईपर्यंत तो तसाच उभा. एक लिटर पाण्यात ऑक्सिजन विरघळून विरघळून किती विरघळतो? साधारण सात-आठ मिलिग्रॅम. दाट वाढलेले जीवाणू तेवढा बघता बघता संपवतात. फ्लास्क हलतो म्हणून नवी हवा पाण्यात मिसळत राहते. हलणं थांबलं की खोलीभर हवा असूनही फ्लास्कातले गुदमरतात.

माझा पीएचचा आलेख म्हणजे भारनियमनाचं वेळापत्रक होतं. रंगीत पेनने काढलेलं.

मग सगळे पीएच एकाच रात्री, फ्लास्क कमी आणि प्रत्येकात पाणीही कमी, असं लावलं. २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये मी आधी काटकसर म्हणून १०० मिलि भरायचे. ते ५० केलं. पाण्याचा थर पातळ, हवेला वाव जास्त. रात्री मी मामांच्या परवानगीने लॅबच्या व्हरांड्यात बसले, वीज आली की आत जाऊन बटण दाबायला. दहाला शिखर आलं. आणि नुसत्या ५० मिलिने जेवढं एन्झाइम वाढलं, तेवढं पीएचच्या सगळ्या खटाटोपानेही वाढलं नव्हतं.

तिसरी गोष्ट ढेप. बाहेरचा पेप्टोन, म्हणजे जीवाणूंना घालायचं तयार प्रथिनखाद्य, महाग. आमच्याकडे कापूस पिकतो, सरकीची ढेप गल्लीबोळात मिळते, म्हशीला घालतात. ती दळून, चाळून, पाण्यात शिजवून घातली. लॅबभर गोठ्याचा वास सुटला. मामा नाकाला रुमाल लावून म्हणाले, 'काय शिजवून राह्यली बाई तू?' पण एल-११ ला ढेप मानवली. गंमत म्हणजे सरकीचं पीठ हे मोठ्या कारखान्यांतल्या किण्वनातही नायट्रोजनसाठी वापरलं जातं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. कारण तेच. ढेपेतलं प्रथिन हळूहळू सुटतं. आयतं ताट नाही, कापून खावं लागतं. म्हणजे उपासही नाही आणि मेजवानीही नाही.

मग मी ढेप दुप्पट केली. एन्झाइम खाली आलं. दाट ढेपेत जीवाणू जास्त वाढले, त्यांना हवा जास्त लागली, आणि आमचा शेकर तेवढी देऊ शकत नव्हता. वेगाने हलवल्यावर तीच ढेप चालली. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे आम्हाला शास्त्राचं पहिलं पाऊल म्हणून शिकवलं होतं. पण चिंचेची आमटी करणाऱ्या कुणालाही माहीत असतं की चिंच वाढवली की गूळ वाढवावा लागतो, आणि दोन्ही वाढले की मीठ. चिंचेचं 'योग्य प्रमाण' असं एकटं काही नसतं. संख्याशास्त्रज्ञांनी यावर कधीच तोड काढली होती. प्लॅकेट आणि बर्मन या दोघांनी १९४६ साली दाखवलं की नीट आखणी केली तर बारा प्रयोगांत अकरा गोष्टी एकदम चाळून बघता येतात, कोणती जड आणि कोणती हलकी. ही चाळण झाली की उरलेल्या दोन-तीन गोष्टी एकमेकींशी कशा वागतात ते बारकाईने बघायचं. मी ते करायला शिकले खरी, पण प्रबंध सादर करायच्या वीस दिवस आधी.

इथे जरा कडू बोलते. या विषयावर आपल्याकडे ढिगाने प्रबंध होतात आणि बऱ्याच प्रबंधांत तेच चार-पाच डोंगर असतात: पीएच, तापमान, साखर, नायट्रोजन, वेळ. प्रत्येकाला मधोमध शिखर, शेवटी 'उत्पादन इतके पट वाढले'. सुरुवातच इतकी खालून केलेली असते की दीडपट-दुप्पट व्हायला काहीच लागत नाही. आणि जीवाणूला हे का हवंय, हा प्रश्न कुठे येत नाही. माझ्याही प्रबंधात पाच डोंगर आहेत. त्यातला एक व्हरांड्यात बसून मिळवलेला आहे, एवढाच माझा मान.

पुढे मी एन्झाइम करणाऱ्या एका कारखान्यात लागले. तिथे पोचल्यावर कळलं की आपण ज्या गल्लीतून आलो तिचा हमरस्ता बराच जुना आहे. जर्मनीत ओटो रोमने १९१३ सालीच स्वादुपिंडातली एन्झाइमं घालून कपडे धुण्याची पावडर काढली होती. पण ती कात्री प्राण्याच्या पोटातली, सोड्यात टिकणारी नव्हे. जपानमध्ये कोकी होरिकोशींनी १९६८ च्या सुमारास मातीतले जीवाणू मुद्दाम सोडा घातलेल्या पाण्यात वाढवायला घेतले आणि १९७१ मध्ये त्यांच्या अल्कलाइन प्रोटिएजचा पहिला निबंध आला. सोडा घालायचा, बस. एवढी साधी युक्ती, पण तोवर जीवाणूंचं पाणी म्हणजे पीएच सात हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. दरम्यान, १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये डिटर्जंटच्या कारखान्यातल्या कामगारांना एन्झाइमच्या धुळीने दम्याचा त्रास होऊ लागला. त्यानंतर एन्झाइमवर लेप देऊन त्याचे दाणे करायला लागले. हल्ली आमच्याकडेही भुकटी मोकळी दिसली की सगळे ओरडतात.

यातला एक किस्सा मला फार प्रिय आहे. बॅसिलस नावाच्या जीवाणूंच्या या कात्रीचं नाव सब्टिलिसिन. २७५ मण्यांची माळ, मणी म्हणजे अमिनो आम्लं. तिचा २२२ वा मणी मेथिओनिन, आणि ब्लीच लागलं की नेमका तोच गंजतो आणि कात्री बसते. १९८५ मध्ये अमेरिकेत एस्टेल, ग्रेकार आणि वेल्स यांनी तिथे दुसरे मणी ओवून पाहिले आणि काहींनी ब्लीचला दाद दिली नाही. हे झालं मुद्दाम, ठरवून. मग १९९३ मध्ये फ्रान्सिस अर्नोल्ड आणि केकिन चेन यांनी ठरवणंच सोडून दिलं. जीनमध्ये कुठेही, कशाही चुका होऊ दिल्या, हजारो वसाहती वाढवल्या, त्यातून बरी निवडली, तिच्यात पुन्हा चुका. असं करत करत ६० टक्के डायमिथिलफॉर्ममाइड या द्रावकामध्ये, जिथे साधं सब्टिलिसिन जवळजवळ लुळं पडतं, तिथे मूळच्या २५६ पट काम करणारी कात्री त्यांच्या हाती आली. अर्नोल्डबाईंना २०१८ चं नोबेल मिळालं. आणि या हजारोंतून बरी वसाहत निवडायची कशी? केसिनच्या प्लेटवर. खळं बघून.

ते वाचलं त्या दिवशी मी मामांना फोन केला होता. ते निवृत्त झालेत. म्हणाले, 'म्हणजे आपलंच तं हे. दूध कोणाचं वापरलं त्यांनी?'

कारखान्यात आता टाकी हजारो लिटरची, पण प्रश्न तेच. साखरेचा पाक एकदम ओतायचा नाही, धारेने सोडायचा, आणि धारही अशी की जीवाणूला ती पडते न पडते तोच संपवावी लागेल. ऑक्सिजनचा काटा पडद्यावर असतो. तो खाली येऊ लागला की पाक कमी, ढवळणं जास्त. फार ढवळलं की फेस. प्रथिनांचा फेस म्हणजे दुधाच्या उतू जाण्याची थोरली बहीण. एकदा तो वरच्या फिल्टरपर्यंत चढला की सबंध बॅच गेली म्हणून समजा. रात्रपाळीला काट्याकडे बघत बसणारी नवी मुलं विचारतात, 'मॅडम, अजून थोडा पाक सोडू का? वाढेल पटापट.' तेव्हा मला सरांची चूल आठवते. मी त्यांना ते वाक्य सांगत नाही, एक फ्लास्क तसा करायला लावते. फिक्या नळ्या ज्याच्या त्याने बघाव्यात.

एल-११ चं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, औद्योगिक जीवाणूंचा संग्रह आहे, तिकडे तो पाठव, असं सर म्हणाले होते. मी 'हो सर' म्हटलं आणि नोकरीच्या मुलाखतींना लागले. मागच्या मुलींनी तो सांभाळला. दर महिन्याला एका नळीतून दुसऱ्या नळीत, साध्या खाण्यावर, पीएच सातवर. सोडा नाही, उपास नाही. पुढच्या वर्षी एक मुलगी फोनवर म्हणाली, 'ताई, खळं लहान होत चाललंय.' व्हायचंच ते. आयत्या ताटावर पिढ्यान्‌पिढ्या वाढताना जे कात्री करण्यात शक्ती घालवत नाहीत तेच भराभर वाढतात, आणि आपण दर वेळी लूप लावून नेमके त्यांनाच पुढे नेतो. मग एका उन्हाळ्यात कॉलेजचा फ्रिज बंद पडला, सुटीत कुणाच्या लक्षात आलं नाही. नळ्या वाळून गेल्या.

दोन वर्षांपूर्वी घरच्यांबरोबर लोणारला गेले. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. मीठ आवडणारे आर्किया, म्हणजे जीवाणूंसारखेच दिसणारे पण वेगळे सूक्ष्मजीव, वाढल्यामुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. त्याच वर्षी ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही झालं. आम्ही गेलो तेव्हा पाणी आपलं नेहमीसारखं हिरवट होतं. आता बाटली काढून चिखल भरायचा म्हटलं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. चार मुली एसटीने येऊन मांडीवर तीर्थ घेऊन जातात, हा काही कारभार नव्हे. मी नुसती काठाशी उभी राहिले. खपली पूर्वीसारखीच पायाखाली मोडली.

घरी आल्यावर आई दारातच ओरडली, 'ते बूट आत आणू नकोस, आधी धुऊन काढ.' तळव्याच्या खाचांत पांढरट काळी माती बसली होती. मी मोरीत बसून डिटर्जंटची पावडर टाकली. पाकिटावर मागे बारीक अक्षरांत 'एन्झाइम्स' असं छापलेलं होतं. एक खाच काही केल्या निघेना. काडीने उकरून काढली तेव्हा हरभऱ्याएवढा चिखल बोटावर आला. मी तो बराच वेळ बघत बसले. घरात स्किम मिल्क नव्हतं, आणि आईने मागून पुन्हा हाक मारली.

मी नळ सोडला.